तक्रार मिटली, तार राहिली

तार ट्रॉलीला लागली तेव्हा मी पत्रावळीवर बसले होते. हातात रोडग्याचा तुकडा, समोर वांग्याची भाजी. आधी आवाज आला. जाड कापड एका झटक्यात फाडावं तसा, पण फार मोठा. मान वर केली तर कापसाच्या ढिगाच्या माथ्यावर निळा जाळ, आणि जाळात संजय उभा, हातात बांबू. मग तो उभा नव्हता. त्याच्या शेजारी बसलेली मंगला वरून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकली गेली. ट्रॅक्टर चालवणारा दशरथ, संजयचा बाप, मागं वळून पाहत होता आणि उतरायला पाय खाली टाकत होता.

"उतरू नको! दशरथभाऊ, उतरू नको गा!"

मी ओरडले, पण पोरगा वर जळत असताना कोणता बाप ऐकतो. एक पाय जमिनीला टेकला, एक हात मडगार्डावर होता. तोही उडाला.

मंगलाची सासू पार्वता आम्हाला वाढत होती. भाजीचं भांडं तिथंच टाकून ती पळाली. मी तिचा पदर धरला, तिला खाली पाडलं आणि तिच्यावर बसले. मी अंगानं भारी आहे, त्या दिवशी ते कामाला आलं. ती मला दंडाला चावली.

"सोड व मले! माही सून जळून राहिली!"

मी सोडलं नाही. माझा नवरा लाईनमन होता. लाईन बंद झाल्याशिवाय जवळ जायचं नाही, एवढं त्यानं मला घरात बसून शिकवलं होतं. कोणीतरी सबस्टेशनला फोन लावला. लाईन बंद होईपर्यंत कापूस जळत राहिला आणि सगळं गाव उभं राहून पाहत राहिलं.

ही तार आमच्या पंचांपुढं येऊन गेली होती. तिची केस बंद झाली होती, दोन्ही बाजू खूश होत्या, आणि त्या खुशीचंच ते जेवण होतं.

मला दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा म्हणाले. गमतीजमती आहेत, त्याही लिहिते. पण नोकरी म्हटली की मला आधी हेच आठवतं, म्हणून आधी हे लिहिलं.

माझं शिक्षण चौथी. नवरा खांबावरून पडून मेला आणि अनुकंपेवर मला सीमेपलीकडच्या हिंदी राज्यात, सौंसरच्या वीज ऑफिसात चपराशाची नोकरी लागली. रडले असेन तेव्हा, पण पगाराची तारीखही पाहत होते, कारण घरात खाणारी तोंडं होती. पुढं पंचांची पेशी, म्हणजे सुनावणी, आमच्याकडं भरायला लागली, कधी सौंसरला, कधी पांढुर्ण्याला. तेव्हा मला पेशीच्या कामावर दिलं आणि निवृत्तीपर्यंत मी तिथंच राहिले.

हे पंच म्हणजे कोण, ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. आमच्या भागातल्या लोकांनाही माहीत नव्हतं. लोकांचं वीज कंपनीशी भांडण असतं. मीटर चुकीचं चालतं, कनेक्शन मिळत नाही, खांब पडायला आला तरी कोणी येत नाही. आधी कंपनीच्याच ऑफिसात सांगायचं. तिथं ऐकलं नाही तर पंचांकडं जायचं. तिघं असतात. एक अध्यक्ष, एक लाईनीचं काम जाणणारा मेंबर, आणि एक ग्राहकाच्या बाजूनं पाहणारा. कायद्यानं बसवलेले. वकील लागत नाही, फी लागत नाही. कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं तरी चालतं. पंचांचं पटलं नाही तर त्यांच्यावर लोकपाल आहे. लोक या सगळ्याला फोरम म्हणतात. मी पंच म्हणते, ते लोकांना लवकर समजतं.

पंचांना स्वतंत्र म्हणतात. पण ते बसत कंपनीच्या ऑफिसात, कंपनीच्या पंख्याखाली, आणि त्यांना पाणी देणारी मी कंपनीचा पगार खाणारी. येणारा प्रत्येक माणूस दारात मला हेच विचारायचा, "बाई, हे तं सारे एकच होय ना?" मी म्हणायची, "आत जाऊन पाहा." दुसरं काय सांगणार. आमचे अध्यक्ष दूरच्या शहरातले, जज राहून निवृत्त झालेले, हिंदी बोलणारे. ते ऑफिसचा चहा पीत नसत. घरून थर्मास आणत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "सुभद्राबाई, कुर्सियाँ एक जैसी लगाना." तोवर साहेब लोकांना गादीची खुर्ची आणि तक्रारवाल्याला बाक अशी पद्धत होती. मी बारशाच्या मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून सगळ्यांना त्याच दिल्या. कंपनीच्या इंजिनिअर साहेबांची पाठ दुखायची. दुखू दे.

माझं काम म्हणजे दारात उभं राहून नाव पुकारायचं, फाइल आत न्यायची, पाणी द्यायचं. आणि न सांगितलेलं काम म्हणजे आत हिंदीत जे ठरलं ते बाहेर येऊन मराठीत सांगायचं, आणि लोक मराठीत जे भांडले ते साहेबांना हिंदीत सांगायचं. शिव्या मी गाळत असे. एकदा साहेब म्हणाले, "इतना लंबा बोला और आपने दो ही शब्द बताए?" मी म्हटलं, "साहब, बाकी का काम का नहीं था." ते समजले.

लोधीखेड्याचा एक म्हातारा होता. तो मीटर भिंतीवरून उपटून, पोत्यात घालून, बसमध्ये मांडीवर घेऊन पेशीला आला. मीटर असं काढणं गुन्हा आहे. त्यानं टेबलावर पोतं उलटं केलं.

"पाहा साहेब, कसं धावून राहिलं हे. तुमच्या डोळ्यानं पाहा."

अध्यक्षांनी दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "मैंने कुछ नहीं देखा. सुभद्राबाई, इसे ढक दो."

मी पोतं वर टाकलं. लाईनीच्या मेंबरांनी म्हाताऱ्याला समजावलं, "बाबा, बिना तार के मीटर कैसे चलेगा?"

म्हातारा पोतं उचलून वाकून पाहत म्हणाला, "मंग बसमदी थकलं असन."

सगळे हसले, इंजिनिअर साहेबसुद्धा. त्याच दिवशी नवीन मीटर बसवून जुनं तपासायचा आदेश झाला. जुनं खरंच जोरात चालत होतं.

दुसरी एक बाई होती पांढुर्ण्याची, शांताबाई. बुद्धविहाराच्या मागं तिचं टिनाचं घर. शाळेत झाडूकाम करायची. तिला कनेक्शन देत नव्हते, जागेचा कागद नाही म्हणून. वर्षानुवर्षं शेजारच्या घराच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडावर तिच्या पोरी शिकल्या. पंचांपुढं इंजिनिअर साहेब एकच गोष्ट धरून बसले होते, कागद नाही, कागद नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "ये वहाँ रहती है या नहीं?"

"रहती तो है सर."

"तो बिजली किसको चाहिए? इसको या कागज़ को?"

कायद्यात राहणाऱ्यालाही वीज मागता येते, मालकच पाहिजे असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आदेश झाला. मी बाहेर येऊन शांताबाईला सांगितलं. वाटलं, हात जोडेल, डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "मंग आजच लावून देतात का? मले दुपारून शाळेत जायचं हाय." मला ती बाई फार आवडली.

अशी कामं झाली. पुष्कळ झाली. त्यांचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण पार्वताची केस त्या सगळ्यांच्या खाली दगडासारखी बसलेली आहे.

पार्वताचं गाव सौंसरकडून बोरगावच्या बाजूला जाताना आत लागतं. नाव लिहीत नाही. ती माझ्याच वयाची, नवरा लवकर गेलेला. मुलगा नागपूरला कंपनीत कामाला, आणि शेत सांभाळायला ती आणि सून मंगला. कापूस पेरायचा आणि थोडी संत्र्याची झाडं. तिच्या शेतातून रस्त्यावर यायच्या वाटेवर मोठ्या लाईनीची तार खाली लोंबली होती. दोन खांबांमधलं अंतर जास्त, मधला खांब कधीकाळी पडला तो पुन्हा उभा झाला नाही. दुसरीकडून वाट काढावी तर नाला. रिकामी ट्रॉली त्या तारेखालून जायची. कापसानं भरलेली जात नव्हती.

तेव्हा त्यांनी अशी रीत पाडली होती. शेतात ट्रॉली अर्धीच भरायची. ती तारेच्या पलीकडं नेऊन उभी करायची. मग उरलेला कापूस गाठोडी बांधून मंगलानं डोक्यावर न्यायचा आणि पलीकडं ट्रॉलीत भरायचा. एका वेचणीचा कापूस न्यायला सकाळपासून दुपार व्हायची. मंगलाची मान धरली होती. ती मान डावीकडं वळवू शकत नव्हती, अख्खं अंग वळवून पाहायची. पार्वतानं तक्रार केली ती सुनेच्या मानेसाठी. सासूनं सुनेसाठी केलेली तक्रार मी आधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही.

कंपनीचे जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर साहेब म्हणाले, मधला खांब उभा करायला आम्ही तयार आहोत. पण तो दशरथच्या धुऱ्यावर येतो आणि दशरथनं लिहून दिलं आहे की खांब लावू देणार नाही. दशरथ म्हणजे पार्वताचा शेजारी. तिचा नवरा आणि दशरथ भावासारखे एकाच पंगतीत वाढलेले, पण पाण्यावरून कधीतरी बिघडलेलं. खांब लावायचा तर धुऱ्यावरची त्याची संत्र्याची तीन झाडं काढावी लागत होती. झाडं भर बहारातली, मृगाचा बहार धरलेला.

पंच स्वतः तार पाहायला गेले. मीही गाडीत मागं बसून गेले. लाईनीच्या मेंबरांनी उंची मोजली आणि तोंड वाकडं केलं. मी इतकी वर्षं त्या तोंडांकडं पाहत होते, तार फार खाली आहे हे मला कळलं. मंगलानं गाठोडं डोक्यावर घेऊन तारेखालून चालून दाखवलं. मग दशरथ आला. उंच, पांढऱ्या मिशा, मागं त्याचा मुलगा संजय.

दशरथ म्हणाला, "साहेब, लेकरावानी वाढवले मी हे झाडं. बहार अंगावर हाय. फळ पोटात असलेल्या झाडाले कोणी कुऱ्हाड लावते का?"

पार्वता कंबरेवर हात ठेवून पुढं झाली. "आन् माही सून काय बकरी होय? तिची मान गेली थे नाई दिसत तुले?"

"मी काय तार लोंबवली का तुयी?"

"खांब काहून नाई लावू देत मंग?"

"तू नाल्यातून वाट काढ ना!"

"नाल्यातून तुह्या बापाची ट्रॉली जाते का?"

अध्यक्षांनी मला विचारलं, "क्या कह रहे हैं?"

"झगड़ रहे हैं साहब."

"वो तो मुझे भी दिख रहा है."

संजय मध्येच हसला. चांगला हसरा पोरगा होता. बापाला म्हणाला, "बाबा, राहू द्या ना. तीन झाडाचे संत्रे मी एकटा खातो, मंग काढून टाकू." दशरथनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मागं सरला.

इथं एक गोष्ट सांगणं जरूर आहे. पंच आदेश देतात तो कंपनीला. शेजाऱ्याला देता येत नाही. पंचांनी म्हणायचं, खांब उभा करा. मग कंपनीनं मोठ्या साहेबाची परवानगी काढायची, झाडांची भरपाई द्यायची, दशरथ आडवा आला तर पोलीस आणायचे. अध्यक्षांचा विचार तसाच होता. परत येताना गाडीत ते मेंबरांना म्हणाले की पुढच्या पेशीला आदेश देऊ, कापूस निघायच्या आधी खांब लागला पाहिजे.

पुढच्या पेशीला मी नाव पुकारायला दारात गेले तर दशरथची मोटारसायकल आवारात आली. मागं पार्वता बसलेली, मांडीवर पिशवी. मला आधी वाटलं माझे डोळे गेले.

"हे काय व पार्वता?"

ती उतरून पदर सारखा करत म्हणाली, "मिटलं आमचं. जामसांवलीले जाऊन आलो शनवारी. हनुमानजीपुढं नारळ फोडला. एकमेकावर केस ठेवायची नाई, असं बोललो."

"आणि तार?"

दशरथ म्हणाला, "मृगाचा बहार तुटला का मी सोता झाडं काढतो, बाई. कोणाले सांगायचं काम नाई. शब्द हाय माहा."

गावातल्या म्हाताऱ्यांनी मध्ये पडून मिटवलं होतं. आमच्याकडं असंच मिटवतात आणि ते वाईट नाही. कोर्टात जन्म जातो, देवळात एका दुपारी होतं. पण मृगाचं संत्रं तुटतं होळीच्या आसपास. कापूस त्याच्या आधीच घरी येतो, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पार्वताला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आत गेल्यावर लाईनीच्या मेंबरांनी तेच विचारलं, "और कपास?"

पार्वता म्हणाली, "आजवर नेला तसाच नेऊ साहेब. अर्धी ट्रॉली आन् अर्धा डोक्यावर. एकच मोसम. त्याच्यात काय."

मंगला तिच्याबरोबर आली नव्हती. आली असती तर तिला कोणी विचारलं असतं का, मला माहीत नाही.

अध्यक्ष पेन खाली ठेवून म्हणाले, "ऐसा करते हैं, केस खुला रखते हैं. खंभा लग जाए, फिर बंद करेंगे. आपका समझौता अच्छी बात है. केस पड़ा रहने दो."

मी हे मराठीत सांगितलं तशी पार्वता घाबरली. "नाई साहेब. देवापुढं बोललो केस नाई ठेवत. इथं ठेवली तं देवाले खोटं बोलल्यावानी होईन. पुढच्या शनवारी कोणत्या तोंडानं जाऊ?"

दशरथनंही हात जोडले. "साहेब, ऑर्डर निघाली, पोलीस आले, तं लोक म्हणतीन दशरथले हरवून झाडं काढले. मी माह्या हातानं काढतो ना. माणसाची काही इज्जत हाय का नाई?"

अध्यक्ष फाइल चाळत राहिले. मी पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. तक्रारदारच म्हणतो तक्रार नाही, तर पंचांच्या हातात काय राहतं? त्यांनी दोघांना तीनदा विचारलं, राजीखुशी आहे ना, कोणी दाब तर नाही ना. नाही, नाही. मग त्यांनी केस बंद केली आणि खाली लिहून ठेवलं की कंपनीनं ती लाईन लवकरात लवकर नियमाप्रमाणं उंच करावी. हा आदेश नव्हता, सल्ला होता. सल्ल्याची फाइल कोणत्या कपाटात जाते ते मला माहीत होतं, कारण तिथं ती मीच ठेवायची.

पार्वतानं पिशवीतून पेढे काढले. अध्यक्षांनी घेतले नाहीत, पक्षकाराचं खात नाही म्हणाले. मी घेतला.

मला आजही वाटतं की त्या दिवशी तिथं बसलेल्या सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं. पंचांनी जबरदस्ती केली नाही. दोघांनी वैर सोडलं. जेई साहेबांनी सांगितलं की शेजारी राजी झाला की आम्ही लगेच येतो, आणि ते खरंच आले असते. सगळे दोन माणसांकडं पाहत होते. ती दोघं हसत बाहेर गेली, म्हणून आम्हाला वाटलं काम झालं. तार मात्र होती तिथंच होती. तिला कोणी जामसांवलीला नेलं नव्हतं.

मिटल्याचा आनंद म्हणून पार्वतानं शेतात रोडगे केले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, वरण. देवाला बोललेलं फेडायचं तर आमच्याकडं असं शेतातच जेवण करतात. पंचांनाही बोलावलं होतं, ते येणार नव्हते, आले नाहीत. मी पंच नव्हते, मी गेले. सुट्टीचा दिवस होता. दशरथचं अख्खं घर आलं होतं. दशरथची बायको आणि पार्वता एकाच चुलीपुढं बसून एकमेकींना नावं ठेवत होत्या, म्हणजे खरंच मिटलं होतं.

त्याच दिवशी वेचलेला कापूस मंडीला जायचा होता. दशरथ म्हणाला, माझी नवीन ट्रॉली घ्या. पार्वताची भाड्याची ट्रॉली बुटकी असायची. या नवीन ट्रॉलीला कापूस जास्त मावावा म्हणून वर लोखंडी पाइपांचा साचा लावलेला होता. संजय आणि दोन गडी कापूस भरत होते. मी पत्रावळीवर बसून ऐकत होते.

मंगला खालून म्हणाली, "संजूभाऊ, बस झालं. पाइपाच्या वर चढवू नका. बाकीचा पलीकडं नेऊन भरू."

संजय वरून म्हणाला, "कायचा पलीकडं? वहिनी, आता डोक्यावर गाठोडं न्यायचं नाई. बाबानं सांगतलं. पार्वताकाकूच्या घरी आता कोणी गाठोडं उचलणार नाई."

"तार लागन ना!"

"तार माह्यावर सोडा. आमच्या घरच्या तारा मी रोज बांबूनं उचलतो. चढा तुम्ही वर. आज राणीवानी बसून जा."

दशरथ ट्रॅक्टरवर बसून हसला. "चढ व बेटा. तुही मान आमच्यामुळं गेली. आज तरी बसून जा."

पार्वतानं हातातलं भांडं घेऊनच मान वळवून पाहिलं. मला वाटतं ती काही बोलणार होती. पण त्याच वेळी कोणीतरी भाजी मागितली.

मंगला चढली. ते लोक भल्यासाठी करत होते. मी पुष्कळ वाईट माणसं पाहिली, पंचांपुढं उघड खोटं बोलणारी पाहिली, पण त्या ट्रॉलीवर आणि ट्रॅक्टरवर एकही वाईट माणूस नव्हता. घरातली तार आणि ही मोठी लाईन यांत काय फरक असतो ते संजयला माहीत नव्हतं. बांबू रोडग्यांच्या मंडपासाठी सकाळीच तोडलेला होता, ओला, आणि ओल्या बांबूतून वीज उतरते. पुढचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

खांब त्याच महिन्यात उभा राहिला. दशरथनं दवाखान्यातून सांगून पाठवलं आणि झाडं काढली गेली, फळांसकट.

पुढच्या पेशीला मी यादी पुकारत होते. दशरथचं नाव यादीत नव्हतं. तो हाताला पट्टी बांधून व्हरांड्यात बसला होता. यादी संपली तरी उठला नाही. मी आत जाऊन सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, आने दो.

तो खुर्चीवर बसला नाही. त्याचं हिंदी मोडकं होतं, पण त्या दिवशी त्यानं मला मध्ये घेतलं नाही.

"साहब, वो केस खोलो."

"भाई, वो केस बंद हो गया. और दुर्घटना का मामला हमारे पास नहीं आता. उसके लिए दूसरा दफ़्तर है."

हे खरं आहे. तार लोंबते आहे तोवर आमच्या पंचांचं काम. माणूस मेला की दुसऱ्या ऑफिसचं. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. मी कितीतरी लोकांना दारातून त्या दुसऱ्या ऑफिसचा रस्ता सांगितला आहे.

"दुसरा नहीं. वोही केस. उसका फैसला दो."

"किसके ख़िलाफ़ फैसला दूँ?"

"मेरे ख़िलाफ़." दशरथनं टेबलाच्या कडेला हात टेकला. "लिखो, दशरथने खंबा नहीं लगाने दिया. लिखो, पुलिस लेके जाओ. पहले लिखना था. अब लिखो."

लाईनीचे मेंबर खाली पाहत होते. अध्यक्षांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "मैं कंपनी को आदेश दे सकता हूँ दशरथजी. आपको नहीं दे सकता. तब भी नहीं दे सकता था."

"तं मंग कोण देणार?" तो मराठीत बोलला. माझ्याकडं पाहून बोलला. मी त्याला बाहेर घेऊन गेले आणि पाणी दिलं. माझं कामच ते.

त्यानंतर अध्यक्षांनी एक रीत सुरू केली. कोणी म्हटलं आमचं आपसात मिटलं, की ते विचारत, खंभा लगा? तार उठी? मीटर बदला? आणि जेई साहेब जाऊन पाहून येईपर्यंत कागदावर सही करत नसत. लोक चिडायचे. मिटलं म्हटलं तरी हे साहेब सोडत नाहीत, असं बाहेर बोलायचे. ते माझ्याच कानावर यायचं, आणि मी ते साहेबांना सांगत नसे. पुढं त्यांची मुदत संपली, नवीन अध्यक्ष आले. त्यांनी ती रीत ठेवली नाही. नियमात ती कुठं लिहिलेली नव्हती.

पार्वता माझ्याशी बोलते. मी तिला धरून ठेवलं त्याबद्दल एकदा शिव्या दिल्या, एकदा पाया पडली. 

कोण मेलं आणि कोण राहिलं, ते आता वेगवेगळं सांगतात, म्हणून लिहून ठेवते. संजय जागेवर गेला. मंगला वाचली. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली आणि पाठ भाजली. ती डाव्या हातानं कापूस वेचते, हळू वेचते. दशरथ वाचला.